संगणक-पाठ : दूरच्या संगणकाची खिडकी



मागे शाळेच्या कार्यालयात आमची एक फजिती झाली. हिशेबाचा प्रोग्रॅम दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरवर होता आणि तो ब्राउझरमधून उघडावा लागे. नव्या संगणकावर त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर नव्हते. आम्ही इंटरनेटवर नाव शोधले, सर्वांत वर दिसलेल्या लिंकवरून फाइल उतरवली आणि न वाचता 'हो, हो' करत बटणे दाबत गेलो. ती भलतीच फाइल निघाली. संगणक पुसून सगळे नव्याने टाकावे लागले. दोन दिवस फीच्या पावत्या हाताने लिहिल्या. चूक आमचीच होती. ती तुमच्या घरी होऊ नये, म्हणून हा पाठ.

हा प्रकार आहे तरी काय?

पुण्याची आत्या इंदूरला फोन करते तेव्हा तिचा आवाज आपल्या घरी येतो, आत्या मात्र पुण्यातच असते. दूरचा प्रोग्रॅम असाच चालतो. प्रोग्रॅम आणि त्यातली माहिती सर्व्हरवर राहते. आपल्याकडे येते ते पडद्यावरचे चित्र. आपण दाबलेली कळ आणि माउसची हालचाल तिकडे जाते. म्हणूनच साध्या संगणकावरही मोठा प्रोग्रॅम चालतो आणि इंदुरात बसून पुण्या-बंगळुरूच्या कंपनीचे काम करता येते. इंटरनेट तुटले की काम थांबते, हे ओघानेच आले.

पूर्वीचे प्लग-इन आणि आताचे ॲप

ब्राउझरला स्वतःला जे काम येत नाही, ते करण्यासाठी त्याला जोडलेला छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लग-इन. जुन्या प्लग-इनना संगणकात फार मोकळीक असे. त्यामुळे ब्राउझर बंद पडत आणि घुसखोरांनाही वाट सापडे. म्हणून क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जुन्या पद्धतीची प्लग-इन बंद केली. फ्लॅश तेवढे काही काळ राहिले, तेही ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले.

आता बहुतेक ठिकाणी ब्राउझरच्या बाहेर एक स्वतंत्र ॲप टाकावे लागते. सिट्रिक्स ही १९८९ साली स्थापन झालेली अमेरिकी कंपनी या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या ॲपचे नाव पूर्वी 'रिसीव्हर' होते, २०१८ पासून 'वर्कस्पेस' झाले. बोलताना लोक अजूनही 'प्लग-इन टाका' म्हणतात, पण जुन्या सूचनांच्या कागदावरून आज काम होणार नाही.

कसे टाकावे?

१. कार्यालयाने किंवा कॉलेजने लेखी दिलेला पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करावा. शोधून आलेल्या पहिल्या लिंकवर जाऊ नये.
२. ॲप संगणकावर आहे की नाही, हे ते पानच बहुधा तपासते. नसेल तर तिथूनच किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवावी.
३. फाइल चालवताना विंडोज परवानगी मागते. त्या चौकटीत प्रकाशकाचे नाव असते, ते वाचावे. नाव अनोळखी असेल तर 'नाही' म्हणावे.
४. ॲप टाकून झाले की ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा आणि लॉगिन करावे. प्रोग्रॅमच्या चित्रावर क्लिक केले की एक छोटी फाइल उतरते आणि ॲप ती उघडते. ही फाइल थोड्या वेळापुरतीच चालते, जपून ठेवण्याचा उपयोग नाही. दुसऱ्याला तर ती पाठवूच नये.
५. 'तुमच्या संगणकातील फाइली बघू द्याव्यात का?' असे विचारले तर गरजेपुरतीच परवानगी द्यावी.

ॲप टाकता येत नसेल तर काही संस्था ते काम ब्राउझरमध्येच करण्याची सोय ठेवतात. आधी ते विचारून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे

वर सांगितलेल्या सोयीत आपण दूरच्या संगणकावर जातो. दुसऱ्या प्रकारच्या ॲपमधून दूरचा माणूस आपल्या संगणकावर किंवा मोबाइलवर येतो. दुरुस्ती करणाऱ्या ओळखीच्या माणसासाठी ते उपयोगी आहे, पण ठगही तेच वापरतात. 'बँकेतून बोलतो, हे ॲप टाका, नंबर सांगा' असे कोणी म्हणाले की समोरचा आपला पडदा पाहू लागतो, आणि पडद्यावर आलेला ओटीपीही त्याला दिसतो. विद्यार्थी मित्रांनो, घरातल्या आजी-आजोबांना हा फरक तुम्हीच समजावा. ते आपल्यापेक्षा मूर्ख नाहीत, त्यांना कोणी सांगितलेले नसते एवढेच. फसवणूक झालीच तर न लाजता लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितकी घाई, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि संगणक आमच्या हाती उशिरा आला. अजूनही अडले की मुलांना विचारतो. विचारण्यात कमीपणा नाही, न वाचता 'हो' म्हणण्यात मात्र धोका आहे.

स्वाध्याय

१. दूरचा प्रोग्रॅम चालतो तेव्हा आपल्याकडे काय येते आणि तिकडे काय जाते?
२. आपण दूरच्या संगणकावर जाणे आणि परक्याने आपल्या संगणकावर येणे, यांतला फरक घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला समजावून सांगा. त्यांनी विचारलेले प्रश्न वहीत लिहून आणा.