मोठे टायर आणि थोडं गणित

टेक्सासमधल्या मामेभावाने हरणाच्या शिकारीला रानात न्यायला जुना पिकअप घेतला. सस्पेन्शन उचलून २८ इंचीच्या जागी ३३ इंची टायर चढवले. दिसायला झकास, पण चढावर गाडी दमते! लगेच मला फोन, "तू मेकॅनिकलची ना?"

टायर ३३ ÷ २८ = १.१८ पट मोठा. म्हणजे त्याच टॉर्कला जमिनीवरचा जोर १५ टक्के कमी. डिफरन्शियलचा रेशो ३.७३ होता, जुना जोर हवा तर ४.४० लागेल. जवळचा मिळतो ४.५६. फोर-व्हील असेल तर पुढचाही बदलायचा, नाहीतर दोन्ही एक्सल भांडतात. तोवर स्पीडोमीटर ५० म्हणेल तेव्हा वेग असेल ५९.

ब्रेक मात्र जुनेच, आणि चाकाचा व्यास वाढल्याने त्यांची पकडही तेवढीच घटलेली. खरं तर मी हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. रात्री परत फोन केला.