हेपटायटिस सी: कावीळ न होताही जडणारा यकृताचा रोग

यकृताच्या रोगाचे नाव निघाले की आपल्या लोकांना कावीळ आठवते. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली की घरातील वडीलधारी मंडळी रोग ओळखतात. मग कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी झाडपाल्याचा रस देतो, आणि काही आठवड्यांनी रोगी हिंडूफिरू लागतो. वास्तविक, दूषित अन्नपाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआपच बरी होते. श्रेय मात्र माळेला मिळते! अशा अनुभवांमुळे एक समज मनात घट्ट बसला आहे, तो असा की, यकृत बिघडले तर डोळे ते सांगतील. हेपटायटिस सी या रोगाच्या बाबतीत हा समज घातक ठरू शकतो. कारण या विषाणूचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना सुरवातीस कावीळ होत नाही, तापही येत नाही.

अनेक वर्षांची शांतता

संसर्ग झालेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोकांचे शरीर सहा महिन्यांच्या आत विषाणूला स्वतःच हुसकावून लावते. उरलेल्यांच्या यकृतात तो ठाण मांडून बसतो. या काळात मनुष्य शेतावर जातो, कचेरीत जातो, मुलाबाळांची लग्ने करतो. थोडा थकवा जाणवला तर वयाला दोष देतो. इकडे यकृताचा मऊ भाग हळूहळू वणांनी कठीण होत असतो. या अवस्थेला सिऱ्होसिस म्हणतात. जुनाट संसर्ग असलेल्या शंभर जणांपैकी १५ ते ३० जण वीस वर्षांच्या काळात तिथवर पोहोचतात. मद्यपानाची जोड असल्यास हा प्रवास आणखी लवकर होतो. पोटात पाणी साठणे, रक्ताची उलटी होणे, यकृताचा कर्करोग होणे ही पुढची पायरी होय. अनेकांना रोगाची पहिली वार्ता येथेच मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा जुनाट संसर्ग होता, आणि त्या एका वर्षात सुमारे २,४२,००० लोक त्यामुळे मरण पावले.

तो कोणत्या वाटेने येतो?

हा विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. १९७० च्या दशकात हार्वी ऑल्टर या अमेरिकन वैद्याच्या लक्षात आले की, रक्त दिल्यानंतर होणारा यकृतदाह पुष्कळदा ए किंवा बी यांपैकी कोणत्याच विषाणूचा नसतो. त्या अनामिक रोगाचा विषाणू १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढला. ऑल्टर, हॉटन व चार्ल्स राइस या तिघांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचा शोध लागेपर्यंत रक्तपेढ्यांना त्याची तपासणी करणे शक्यच नव्हते. भारतात तर ही तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या आरंभी. म्हणून त्यापूर्वी बाळंतपणात, अपघातात अथवा शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांना रक्त द्यावे लागले, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

सुईची वाट याहून मोठी आहे. इजिप्तचे उदाहरण पाहा. तेथे १९५० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे बिल्हार्झिया या कृमिरोगावर गावोगावी इंजेक्शने देण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु सुया पुरेशा निर्जंतुक न करता पुनःपुन्हा वापरल्या गेल्या. परिणामी जगातील सर्वाधिक हेपटायटिस सी असलेल्या देशांत इजिप्तची गणना होऊ लागली. आपल्याकडेही “डॉक्टर, एक सुई मारा” असा आग्रह धरणारे रोगी आणि तो आनंदाने पुरवणारे, पदवी नसलेले वैद्य काही थोडे नाहीत. गोळीने भागत असेल तर सुई मागू नये. आणि घ्यावीच लागली तर नवे पाकीट आपल्यासमोर फोडावयास सांगण्यात संकोच कसला?

जत्रेतील गोंदण, दुसऱ्याचे वस्तरे व दाढीची पाती, नशेकरता वाटून घेतलेली सुई हीसुद्धा धोक्याची ठिकाणे होत. बाधित मातेच्या शंभर बाळांपैकी साधारण पाच-सहा बाळांना संसर्ग होतो. लैंगिक संबंधातून तो पसरू शकतो, पण क्वचित.

याउलट, एका पंगतीत जेवल्याने, हस्तांदोलन केल्याने, प्रार्थनेला शेजारी बसल्याने, खोकल्याने किंवा आईच्या दुधातून तो पसरत नाही. रोग्याचे ताटवाटी निराळे ठेवणे हे अज्ञान आहे, आणि क्रूरपणाही. या वागणुकीच्या भयानेच कित्येक जण चाचणी टाळतात.

एक चाचणी पुरेशी नाही

वर सांगितलेल्यांपैकी एखादी गोष्ट ज्यांच्या आयुष्यात घडली आहे त्यांनी, तसेच डायलिसिसवर असलेल्यांनी, थॅलेसेमिया वा हिमोफिलियाच्या रोग्यांनी, एचआयव्हीबाधितांनी आणि सुई टोचण्याचा प्रसंग आलेल्या परिचारिकांनी चाचणी करून घ्यावी. आपल्या समाजातील कितीतरी मुली परिचर्येच्या व्यवसायात आहेत. त्यांना हे आवर्जून सांगावे.

पहिल्या चाचणीत रक्तातील प्रतिपिंडे शोधतात. ती सापडली म्हणजे विषाणू केव्हातरी शरीरात आला होता एवढेच सिद्ध होते. तो आजही आहे काय, हे आरएनए चाचणीने कळते. पुष्कळ लोक पहिल्या अहवालानेच खचतात व घरी बसतात. दुसरी चाचणी केल्याविना निराश होऊ नये, आणि निर्धास्तही राहू नये.

विषाणू आढळलाच, तर आज उपाय आहे. २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुविर हे औषध अमेरिकेत संमत झाले. तेथे त्याच्या बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर होती! पुढे भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचा परवाना मिळाला आणि किंमत झपाट्याने उतरली. पंजाब सरकारने २०१६ पासून मोफत उपचार सुरू केले. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याअन्वये ठरावीक सरकारी रुग्णालयांत चाचणी व औषधे विनामूल्य मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात, आणि शंभरांपैकी ९५ हून अधिक जण बरे होतात. खुद्द इजिप्तने २०१८-१९ मध्ये सुमारे ५ कोटी लोकांची चाचणी केली व बाधितांना मोफत औषधे दिली. ज्या देशात सुईने रोग पसरवला होता, त्याची या रोगाच्या निर्मूलनातील प्रगती जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये गौरवली.

गोळ्या सुरू करण्याआधी हेपटायटिस बी ची तपासणी होणे अगत्याचे आहे, कारण या उपचाराने दबलेला बी विषाणू उसळू शकतो. क्षयावरील रिफाम्पिसिन किंवा हृदयविकारावरील अमिओडारोन चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी करतात. तेव्हा विषाणू आढळला नाही तर रोगी बरा झाला असे समजतात. मात्र प्रतिपिंडे त्यानंतरही रक्तात राहतात, आणि नोकरीच्या किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी पहिली चाचणी पुन्हा “पॉझिटिव्ह” येऊ शकते. यास्तव तो शेवटचा आरएनए अहवाल जपून ठेवावा. या रोगावर लस नाही, आणि एकदा बरे झालेल्यास दूषित सुईतून तो पुन्हा जडू शकतो.