मानमोडी आणि माझे हात

तुरेवाली तीन दिवस जिन्याखाली बसून होती आणि तिन्ही दिवस मी म्हणत होते, खुडूक झाली असेल. २०१९ चा मार्च होता, ऊन तापायला लागलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी डालगं उचललं. बाकीच्या फडफडत बाहेर पळाल्या आणि ही तिथंच, मान एका खांद्यावर टाकून उभी. खाली हिरवट पातळ घाण. हे खुडूकपण नव्हे हे मला तेव्हा कुठं उमगलं. त्यानंतर मी जे जे केलं, त्यातलं जवळजवळ सगळंच चुकलं.

ढोकीत दारात चार कोंबड्या असणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण तेरणा कारखाना बंद होता त्या वर्षांत आमच्या घरात कोंबड्यांनाही हिशोब होता. यांचा पगार थांबलेला. पंधरा गावरान कोंबड्यांच्या अंड्यांवर चहा-साखर आणि लेकरांच्या वह्या निघायच्या. शिवाय तुरेवाली माझी लाडकी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन हातातून भाकरीचा तुकडा घ्यायची. दुसरी एखादी असती तर कदाचित मी तिला घरात घेतलंही नसतं, आणि उरलेल्यांचं नशीब निराळं झालं असतं.

आधी खुडूक आणि आजारी यांतला फरक सांगते, कारण माझे पहिले तीन दिवस तिथंच गेले. खुडूक कोंबडीही पिसं फुगवून बसते, अंडी द्यायची थांबते. पण तिच्याजवळ हात नेऊन बघा. ती गुरगुरते, आणखी फुलते, चोच मारते. डोळा टक्क उघडा असतो. दिवसातून एकदा उठून घाईघाईनं दाणे टिपते, पाणी पिते, एकदाच भलीमोठी घाण करते आणि परत जाऊन बसते. आजारी कोंबडीला तुमच्या हाताचं काहीच वाटत नाही. डोळे मिटलेले, पंख सैल, शेपटी खाली. ज्वारी टाकली की सगळ्या धावतात, ही जागची हलत नाही. आजार लपवणं हा कोंबडीचा स्वभावच आहे, कारण अशक्त दिसली की तिच्याच सोबतिणी तिला टोचून काढतात. आपल्याला कळतं तेव्हा दुखणं बरंच पुढं गेलेलं असतं. अंग गरम लागलं म्हणजे ताप, असंही धरू नका. धडधाकट कोंबडीचं अंगही एक्केचाळीस-बेचाळीस अंश असतं, आपल्या हाताला ते तापलेलंच लागणार. मी तर तिच्या कपाळावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवली होती. कोंबडीला कपाळ असतं का, हे यांनी विचारलं तेव्हा मला रागच आला होता.

तर, खोक्यात गोणपाट अंथरलं आणि तिला चुलीजवळ ठेवलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "लसूण-हळद ठेचून गुळात घाल, दोन दिसात उठंल." तेही केलं. ती खाईना, पिईना. मग तिला मांडीवर घेऊन चोच उघडली आणि लेकराच्या औषधाच्या ड्रॉपरनं पाणी सोडलं. एक घोट गेला. दुसऱ्याला तिनं मान झटकली, घशातून घरघर आली आणि नाकपुड्यांतून बुडबुडे निघाले. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, वरून ओतलेलं पाणी सरळ तिथं जाऊ शकतं, हे मला नंतर कळलं. पाजायचंच असेल तर चोचीच्या कडेला बाहेरून थेंब लावावा, तो ती आपणहून आत ओढते. गिळत नसेल तर पाजू नये. घरात उरलेली अँटिबायोटिकची एक कॅप्सूल होती, तीही निम्मी पाण्यात कालवून मी दिली. विषाणूच्या रोगावर त्या गोळीचा काही उपयोग नसतो, आणि ज्या रोगावर होतो त्यालाही माणसाचं औषध अंदाजानं द्यायचं नसतं. औषध चालू असलेल्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत हेसुद्धा डॉक्टरांनाच विचारावं लागतं.

हे सगळं करताना मी दिवसभर घरातून अंगणात आणि अंगणातून घरात येत-जात होते. तुरेवालीचं गोणपाट झटकायचं आणि त्याच हातानं बाकीच्यांना ज्वारी टाकायची. तिच्या वाटीतलं उरलेलं पाणी त्यांच्या परातीत ओतायचं, वाया कशाला घालवा म्हणून.

पाचव्या दिवशी ती गेली. मुलाला म्हटलं, उकिरड्यावर टाकून ये. दुपारी कुत्र्यानं तिला ओढत परत आमच्याच गल्लीत आणलं आणि कावळ्यांनी वर गर्दी केली.

आता जे सांगते ते मी पुष्कळ वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात तेरची माझी नणंद आली होती. तिला कोंबड्या हव्या होत्या. मी चांगल्या टुणटुणीत बघून तीन दिल्या, ओळखायला त्यांच्या पायाला लाल दोरा बांधून. मनात हेही होतं की इथं काही साथ असलीच तर निदान या तीन तरी वाचतील. दोन आठवड्यांत तिचं खुराडं रिकामं झालं. ती फोनवर म्हणाली, "वहिनी, यंदा मर लई हाय बघा." मी म्हटलं, हो ना.

आमच्याकडेही तोवर रोज एक-दोन मान टाकत होत्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले तेव्हा नुकतीच एक मेली होती. त्यांनी ती कुंपणाजवळ उघडून दाखवली. पोटाच्या आतल्या अस्तरावर टाचणीच्या टोकाएवढे लालभडक ठिपके होते. "मानमोडी," ते म्हणाले. पुस्तकात हिला राणीखेत म्हणतात. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात हा रोग उत्तराखंडातल्या राणीखेतला नोंदला गेला, त्यावरून हे नाव. औषध नाही. लस आहे, पण ती रोग येण्याआधी. मग त्यांनी मला एकच विचारलं, "पहिलीला हात लावल्यावर तुम्ही कुठं कुठं गेलात?" मी सांगत गेले. पाण्याची परात, ज्वारीचा डबा, डालगं, अंड्यांची टोपली. ते माझ्या पायांकडं बघून म्हणाले, "आणि चपला ह्याच?"

रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत दोन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणजे नणंदेला दिलेल्या तिघी टुणटुणीत दिसत होत्या तेव्हाच त्यांच्यात तो असणार. साथीत घाईघाईनं बाजारात कोंबड्या काढणारे सगळेच काही बदमाश नसतात. त्यांना कोंबडी चांगलीच दिसत असते. पण विकायची नाही, द्यायची नाही, आणायची नाही, हे तेव्हा फार कडक पाळावं लागतं. आमच्या बारातल्या दोन उरल्या. त्यातली एक वर्षभर वाकडी मान घेऊन हिंडली, दाणा टिपायला गेली की चोच शेजारी पडायची. माझाही एक डोळा चार दिवस लाल होऊन चिकटत होता. मानमोडीचा विषाणू माणसाच्या डोळ्याला एवढं करू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मी तिला मांडीवर घेतलं होतं त्याची पावतीच.

आता माझी रीत अशी. कोंबडी बसलेली दिसली की त्याच घडीला ती वेगळी. घरात नाही आणि बाकीच्यांच्या वाऱ्यालाही नाही. आमच्या मागच्या भिंतीला जुनं डालगं पालथं असतं, त्याची वाटी, त्याचं गोणपाट, त्याच्याजवळच्या रबरी चपला, सगळं त्याचंच. आधी चांगल्या कोंबड्यांचं दाणापाणी उरकायचं, शेवटी आजारीकडं जायचं, आणि तिथून आलं की साबणानं कोपरापर्यंत हात. थंडी असेल तर साठचा बल्ब हातभर लांब टांगते. एका कोपऱ्यात ऊब, दुसऱ्यात गारवा, तिला हवं तिथं ती बसेल. पाण्यात चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा. खायला ओलसर कण्या. एवढ्यावर एक दिवस. दुसऱ्या दिवशी हिरवी हगवण, वाकडी मान, धाप किंवा रक्त दिसलं, नाहीतर दुसरी कोंबडी बसली, तर दवाखाना. डॉक्टर भेटले नाहीत तर १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा.

प्रत्येक बसलेली कोंबडी मानमोडीचीच असते असं नाही, आणि मायेनं उठणारी दुखणीही पुष्कळ आहेत. पहाटे, दाणे टाकायच्या आधी, गळ्याखालची पिशवी चाचपून बघा. ती रिकामी लागायला हवी. टणक गोळा लागला तर आत काही अडकलंय, आमच्याकडं बहुतेक वेळा गोणीचा दोरा किंवा प्लॅस्टिक. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं बाजूला करून उवा बघा. मे महिन्यात चोच उघडून, पंख पसरून धापा टाकत असेल तर ते ऊन असतं. सावली द्या, पाय गार पाण्यात धरा.

अंडं अडकलं तर मात्र हातची कोंबडी वाचते, हे मी स्वतः केलंय. गेल्या हिवाळ्यात एक तलंग, पहिल्यांदाच अंड्यावर आलेली, उभ्यानं कळा देत होती, पाय फाकवून, शेपटी वरखाली करत. पोटाला मागून हलका हात लावला तर आत अंडं लागलं. पाटीत कोमट पाणी घेतलं, मनगटाला सोसेल इतपत, आणि तिला पोटापर्यंत बसवलं. आधी धडपडली. मग पाण्याची ऊब लागली तशी तिचे डोळे मिटायला लागले आणि पिसं पाण्यावर पसरली. वीस मिनिटं मी तशीच उकिडवी. नंतर पुसून, बुडाला बोटभर गोडं तेल लावून अंधाऱ्या खोक्यात ठेवलं. तासाभरानं खोक्यात रक्ताची रेघ असलेलं एवढंसं अंडं, आणि बाई बाहेर यायला चोच मारतायत. अंडं दाबून काढायला जाऊ नका. आत फुटलं तर कोंबडी गेली. त्यानंतर मी अंड्यांची टरफलं भाजून, कुटून दाण्यात घालते, चुना कमी पडला की असं अडकतं म्हणून.

लसीचं सांगायचं राहिलं. पिलाला पहिल्याच आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब टाकायची लासोटा, आणि आठव्या आठवड्याला पंखाखाली टोचायची आर-टू-बी. ही दुसरी मुक्तेश्वरच्या संस्थेत तयार झालेल्या वाणाची. अडचण एवढीच की कुपी शंभर-दोनशे कोंबड्यांची असते, आपल्या दारात असतात दहा, आणि कालवलेली लस दोनेक तासांत संपवावी लागते. त्यावर आमच्या गल्लीनं मार्ग काढला. पाच-सहा घरं मिळून तारीख ठरवतो आणि पहाटे डालगी उचलायच्या आधीच डॉक्टरांना बोलावतो. एकदा सुटल्या की देव आला तरी गावरान कोंबडी हाती लागत नाही.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या ढोकीतच कावळे मरून पडायला लागले. त्याच्या महिनाभर आधी उदगीरला तसंच झालं होतं. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि अहवाल आला, बर्ड फ्लू. देशात तो पहिल्यांदा २००६ साली आपल्याच महाराष्ट्रात, नवापूरला निघाला होता. २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या गेल्या, ते आम्ही टीव्हीवर बघितलं होतं. आता तो आमच्या पिंपळाखाली होता. मला राहून राहून उकिरड्यावरची तुरेवाली आणि तिच्यावर वाकलेले कावळे दिसत होते. तिला तो रोग नव्हता. पण कावळा काय खातो आणि कुणाच्या परातीत चोच बुडवतो, हे मी बघितलं होतं.

त्या दिवसांत वरची सगळी रीत बाजूला ठेवायची. आजारी कोंबडी वेगळी करायलासुद्धा हात लावायचा नाही. तुरा-गलोल निळी पडली, डोकं सुजलं, किंवा काही न होता दोन-तीन एकदम मेल्या, तर लेकरांना लांब करायचं आणि फोन करायचा. मेलेली कोंबडी स्वतः पुरायचीही नाही, आलेले लोक सांगतील तसं. एरवी मेलेली असेल तर कुत्रं उकरणार नाही एवढ्या खोल खड्ड्यात, वर चुना टाकून. नीट शिजवलेल्या मटण-अंड्याला धोका नाही, सत्तर अंशाला तो विषाणू मरतो. धोका कापताना, सोलताना.

त्याच आठवड्यात तेरहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, एक बसून हाय कालपासनं. घरात घेऊ का, ऊब लागंल." मी जवळजवळ ओरडलेच. हात लावू नको, आधी दवाखान्यात फोन कर, बाकीच्या कोंड, परात झाकून ठेव कावळ्यांपासून. ती ऐकत होती. मग म्हणाली, "एवढं तुम्हांला कसं ठावं?"

मी तिला लाल दोऱ्याच्या तीन कोंबड्यांचं सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मागं तिचा कोंबडा आरवला.

"बरं," ती म्हणाली, "मी आत्ता खुराड्यातनंच आलेय. चपला कुठं काढू?"