चुंबकाची निवड, रबरबँडची ताकद

प्रश्न : एक रुपयाचं नाणं चुंबकाला चिकटतं, पाचाचं पिवळं नाणं चिकटत नाही. आमचं स्टीलचं ताट चिकटत नाही, पण स्टीलचा चमचा चिकटतो. असं का? (सातवीतली विद्यार्थिनी, सेलू)

उत्तर : नेहमीच्या धातूंपैकी लोखंड, निकेल आणि कोबाल्ट हे तीनच चुंबकाकडे जोरात ओढले जातात. त्यांच्या अणूंमधले काही इलेक्ट्रॉन इवल्या चुंबकांसारखे वागतात आणि शेजारशेजारचे अणू एकाच दिशेला तोंड करून गट करतात. एरवी गटांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असतात. चुंबक जवळ आला की त्याच्या दिशेचे गट वाढतात आणि सबंध वस्तू ओढली जाते. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, सोनं, चांदी यांत असे गट नसतात. म्हणून घरातला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गंज चुंबकाला दाद देत नाही. छपरावरचं टिन मात्र चिकटतं, कारण ते मुळात लोखंडी पत्रा असतं.

आता तुझी नाणी. एक रुपयाच्या नाण्यात 83 टक्के लोखंड आणि 17 टक्के क्रोमियम असतं, म्हणून ते चिकटतं. पाचाच्या पिवळ्या नाण्यात 75 टक्के तांबं, 20 टक्के जस्त आणि 5 टक्के निकेल असतं. एवढंसं निकेल तांब्या-जस्तात विखुरलं की त्याचे गट जमत नाहीत.

ताटाची गोष्ट याहून नवलाची आहे. चांगल्या भांड्यांच्या स्टीलमध्ये लोखंडाच्या जोडीला सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. लोखंड आणि निकेल, दोघंही चुंबकाचे सोबती. तरी ताट चिकटत नाही, कारण निकेल मिसळल्यावर लोखंडाच्या अणूंची रचनाच बदलते आणि त्या रचनेत गट होत नाहीत. तुझ्या चमच्याच्या स्टीलमध्ये निकेल नसावं.

सुटीत पवनारला गेलीस तर धाम नदीच्या काठावरही चुंबकाचा एक प्रयोग कर. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळ आणि कोरड्या वाळूतून फिरव. पिशवीला काळे कण चिकटतील. आपल्या वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. तो झिजला की त्यातलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज वाळूत आणि काळ्या मातीत उतरतं.

प्रश्न : चुंबकाला चिकटत नाही तेच स्टील अस्सल, असं म्हणतात. खरं का? (गृहिणी, हिंगणघाट)

उत्तर : अर्धंच खरं. निकेलऐवजी मँगनीज जास्त घालून केलेलं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. उलट, उत्तम स्टीलच्या वाटीची वळवलेली कड कधी कधी किंचित चिकटते, कारण ठोकताना-वाकवताना तिथली अणुरचना बदलते. त्यामुळे केवळ चुंबकावरून भांड्याची प्रत ठरवू नका. इंडक्शन शेगडीसाठी भांडं घेताना मात्र चुंबक खरंच उपयोगी पडतो. बुडाला चिकटला तर ते भांडं शेगडीवर चालेल.

तुमच्या कापसाच्या गावाला ओळखीचा असा एक उपयोगही सांगतो. सूतगिरणीत कापूस पिंजताना त्याच्या वाटेवर चुंबक बसवतात. कापसात आलेला खिळा किंवा तारेचा तुकडा यंत्रावर आपटला तर ठिणगी पडून आग लागू शकते. चुंबक तो आधीच धरून ठेवतो.

प्रश्न : खर्चाविना करता येतील असे रबरबँडचे प्रयोग सुचवा. (शिक्षक, आर्वी)

उत्तर : ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. हातानं काम करताना प्रत्येक कृतीमागचं कारणही मुलाला कळलं पाहिजे, हा तिचा गाभा. म्हणून पहिला प्रयोग चरख्याचाच घ्या. लाकडी फळीवर दोन खिळे ठोका. एकावर 10 सेंटिमीटर व्यासाचं डब्याचं झाकण आणि दुसऱ्यावर 2 सेंटिमीटर व्यासाचं रिकामं रीळ, दोन्ही मोकळी फिरतील अशी बसवा. झाकणाच्या कडेला खोबण असलेली बरी. दोघांभोवती मोठा रबरबँड ताणून घाला. झाकणाचा एक फेरा झाला की रिळाचे पाच होतात. चरख्याचं मोठं चाक चातीला असंच गरगर फिरवतं. रबरबँडला मध्ये आठाच्या आकड्यासारखा पीळ दिला की रीळ उलट दिशेनं फिरेल. का, ते मुलांनाच शोधू द्या.

दुसरा प्रयोग रिळाच्या गाडीचा. रिळाच्या भोकातून रबरबँड ओवा. एका टोकाला काडीचा छोटा तुकडा अडकवून चिकटपट्टीनं पक्का करा. दुसऱ्या टोकाला भोक पाडलेली मेणबत्तीची चकती घाला आणि बाहेर आलेल्या रबरात पेन्सिल अडकवा. पेन्सिल फिरवून रबराला पीळ द्या आणि गाडी जमिनीवर ठेवा. पीळ उलगडेल तशी ती पुढे सरकेल. 10, 20 आणि 30 पीळ देऊन अंतर मोजा व आलेख काढा.

आणखी खेळण्यांसाठी अरविंद गुप्ता यांची पुस्तकं पाहा. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यावर त्यांनी भूमितीचे आकार उभे केले आहेत.

प्रश्न : उन्हाळ्यात रबरबँड चिकट होऊन तुटतात, ते का? (दुकानदार, पुलगाव)

उत्तर : रबर म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्या. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन या साखळ्या तोडत असतात. ऊन आणि उष्णता त्यांना हातभार लावतात, म्हणून विदर्भाच्या मे महिन्यात रबर लवकर निकामी होतं. बंद डब्यात, सावलीत ठेवा आणि ताणून ठेवू नका.

बालवाचकांना एवढंच सांगणं : गोल गुळगुळीत चुंबक लहान भावंडांच्या हाती देऊ नका. दोन चुंबक गिळले तर ते आतड्याचे पदर मध्ये धरून ठेवतात आणि जिवावर बेतू शकतं. कुणाच्याही चेहऱ्याकडे रबरबँड ताणू नका. प्रत्येक प्रयोगाआधी आपला अंदाज वहीत लिहा, मग करून पाहा. अंदाज कुठे चुकला आणि का, ते आम्हाला जरूर कळवा.