पायांच्या शिरा आणि विणेकऱ्याचा पहारा

सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहारा बदलतो, माणूस बदलतो. पण ज्याच्या गळ्यात वीणा असेल त्याने उभेच राहावयाचे. पुढे पोटरीवर निळ्या, वाकड्यातिकड्या शिरा फुगून येतात, संध्याकाळी पाय जड होतात, रात्री गोळे येतात. मग लोक म्हणतात, "वारीत फार चालला, म्हणून झालं." आम्हांस हे पटत नाही.

पायातले रक्त वर हृदयाकडे चढवावयाचे काम पोटरी करते. पाऊल पडले की पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांतल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. नुसते ताटकळत उभे राहिले की पोटरी स्वस्थ बसते, रक्त तुंबते. सैल झडपा आणखी सैल होतात. काहींच्या घराण्यातच हा दोष असतो, बाळंतपणांनीही तो वाढतो. म्हणजे कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालणाऱ्याचे पाय चालण्याने बिघडत नाहीत. दर्शनबारीत खोळंबून मात्र भरून येतात. पावली खेळणारा या बाबतीत सुखी!

तेव्हा पहाऱ्यावर असाल तर टाचा उचला, टेकवा. वजन या पायावरून त्या पायावर घ्या. वीणेचा त्यात काही अवमान नाही. मुक्कामी पडशी पायांखाली घेऊन पाय छातीहून उंच ठेवा, पंधरा मिनिटे तरी. लवचीक मोजे सकाळी अंथरुणातच चढवावेत. पण मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून नकोत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा बहुधा निरुपद्रवी असतात, त्यांची धास्ती नको.

शीर फुटून रक्त आले तर आडवे व्हा, पाय उंच धरा आणि स्वच्छ फडक्याने दहा-पंधरा मिनिटे घट्ट दाबून ठेवा. मधेच उघडून पाहू नका. नंतर डॉक्टरांना दाखवाच.

घोट्याजवळ कातडी काळवंडली किंवा जखम भरेना, तर लपवू नये. आपल्या बायाबापड्या लुगड्याआड वर्षानुवर्षे लपवतात, याचे आम्हांस फार वाईट वाटते. एकच पाय अचानक सुजला, तापला, दुखू लागला तर चोळू नका. शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. जोडीला धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणभरही थांबू नका. पिपरी मेघेच्या मंडळींना सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, दोन्ही जवळच आहेत.