आपला राखणदार कोण?

आजचे वाचन : प्रेषितांची कृत्ये १७:१६-२१, १ तीमथ्य २:५, स्तोत्र १२१



पौल अथेन्सला येशूची व पुनरुत्थानाची सुवार्ता सांगत होता, तेव्हा काहींना वाटले, हा परकी दैवते आणतोय. मूळ ग्रीकमध्ये इथे ‘दैमोनिया’ शब्द आहे. शुभवर्तमानांत येशू जी भुते काढतो, त्यांनाही हाच शब्द! असे का?

ग्रीकांच्या मते दैमोन वाईटच असतो असे नव्हते. सॉक्रेटिस सांगे, लहानपणापासून मला एक दैवी आवाज ऐकू येतो, तो मला अडवतो. ख्रि. पू. ३९९ मध्ये याच अथेन्समध्ये त्याला मृत्युदंड झाला. नवी दैवते आणणे हा त्याच्यावरचा एक आरोप होता. त्याचा शिष्य प्लेटो याच्या लिखाणात दैमोन म्हणजे मधला दुवा. माणसांच्या प्रार्थना, अर्पणे वर नेणार, देवांच्या आज्ञा खाली आणणार.

आपल्याला हे नवीन नाही. नवी मुंबईतले आपण कितीतरी जण मूळचे कोकणातले. गावाला राखणदार असतो, त्याचा मान चुकला तर तो कोपतो, ही भीती वाशी-नेरूळच्या फ्लॅटपर्यंत सोबत येते. विश्वासात आल्यावर मे महिन्यात गावी गेलो की घरचे म्हणतात, “एक नारळ ठेव, काय बिघडतं?”

पौल करिंथकरांना (१ करिंथ १०:२०) बजावतो की अशी अर्पणे दैमोनियांना पोचतात, तुम्ही त्यांचे भागीदार होऊ नका. आणि तीमथ्याला लिहितो की देव व मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. म्हणजे मधली जागा रिकामी नाहीच!

मग देवदूत? ते आहेत, सेवेसाठी पाठवलेले आहेत (इब्री १:१४). पण योहान पाया पडू लागला तेव्हा दूताने त्याला थांबवले, देवालाच नमन करायला सांगितले (प्रकटी. २२:८-९). पारख हीच : जो स्वतःसाठी मान मागतो, तो देवाकडचा नव्हे.

घरच्यांशी भांडू नका, त्यांची टिंगल करू नका. त्यांची भीती खरी आहे. प्रेमाने एवढंच सांगा, “माझा राखणदार झोपत नाही, आणि तो कोपेल म्हणून मी त्याला काही देत नाही. त्यानेच माझ्यासाठी स्वतःला दिलं.”

प्रार्थना : प्रभू येशू, भीतीपोटी दुसऱ्या कुणापुढे वाकण्यापासून मला राख. आमेन.