फ्लॅश लवकर 'तयार' कसा होईल?

शिक्षक मित्रहो, बक्षीस वितरणात एका मुलाचा फोटो उजळ येतो अन् पुढच्याचा अंधारा, कारण फ्लॅश पुन्हा भरलेलाच नसतो. फ्लॅशमधला कपॅसिटर म्हणजे पाण्याची टाकी समजा. फ्लॅश उडाला की ती रिकामी होते, सेल ती पुन्हा भरतात.

पहिला उपाय, नळ मोठा करा. साध्या अल्कलाइन सेलऐवजी रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल घाला. व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असलं, तरी त्यांचा अंतर्गत रोध कमी असतो, म्हणून प्रवाह जास्त मिळतो.

दुसरा, टाकी कमी रिकामी करा. आयएसओ १०० वरून ४०० केला, की फ्लॅशची पाव ताकद पुरते.

फ्लॅश मात्र कधीही उघडू नका. सेल काढले तरी आत सुमारे ३०० व्होल्ट शिल्लक असू शकतात!